जड थैली

अमरावती, १६ जुलै २०२३

सीमे,

आधी चिठ्ठी वाच, मग थैली रिकामी कर. तू आधी चिवड्याचा डबा शोधणार आणि चिठ्ठी भज्याच्या कागदासारखी बाजूला सारणार, हे मला बार्शीटाकळीचा रस्ता न धरताही इथून दिसतं.

फोन करून पाहिला. जवाईबुवा उचलतात, "हो हो, सांगतो" म्हणतात, मागे तुमची आटाचक्की धडधडत असते. फोन तुझ्या हातात आला की तू "काय? काय?" करतेस आणि मी दुकानात ओरडतो. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, शेठ बायकोसोबत भांडून राहिले वाटते. चक्कीने तुझे कान खाल्ले, त्याला इलाज नाही. तुमच्या गावचे नत्थुजी दर पंधरवड्याला कपड्यांचा माल घ्यायला इथं येतातच. त्यांच्यासोबत थैली फिरती ठेवू, आणि आईचा नियम पाळू. थैली रिकामी परत पाठवायची नाही.

तर तुझी पौर्णिमा. पोरगी सुखरूप पोचली. अकरावी सायन्सचा प्रवेश पहिल्याच यादीत झाला. खिडकीवरच्या क्लार्कनं तिचे दहावीचे मार्क पाहिले आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या खिडकीनं असं कधी पाहिलं नव्हतं. आमचा कुलदीप त्याच कॉलेजात आहे, पण तो दुसऱ्या दारानं आत गेला, ते दार कसं उघडतं ते तू विचारू नको.

कुलदीपला कॅम्प भागातल्या मोठ्या क्लासला घातलं आहे. सकाळ-संध्याकाळ. त्याला ढकलल्याशिवाय चालत नाही. तुझ्या वहिनीनं विचारलं, पौर्णिमालाही घालायचं का. मी म्हटलं, जो नळ ठणठणीत चालतो त्याच्यासाठी आपण प्लंबर बोलावतो का? हुशार पोरीला शिकवणी कशाला? मी अकोल्याच्या कॉलेजात पहिल्या बाकावर बसायचो. सर बोलायचे ते कानात भरून घ्यायचो आणि संध्याकाळी तेलाच्या गिरणीत डबे उचलताना तेच घोळवायचो. त्याच जोरावर आज अमरावतीत नळ, बेसिन, टाइल्सचं दुकान आहे. पौर्णिमासमोरच हे सगळं बोललो. पोरगी लाजली, पण आतून फुलली. मला दिसलं.

काळजी करू नको. माझ्या घरात ती पाहुणी नाही, घरचीच आहे.

तुझा भांडखोर
श्रावणदादा


बार्शीटाकळी, ३ ऑगस्ट २०२३

दादा,

चिठ्ठी आधी वाचली. चिवडा नंतर. आता खूश?

तू आता पुस्तकासारखं लिहितं. माहेरी असताना तू असा नव्हता बोलत. मले जसं येते तसं मी लिहिते, हसू नको. दहावीनंतर हाती पेन धरला तो फक्त चक्कीवर कोणाचं किती दळण आहे ते लिहायले.

पौर्णिमाच्या बाबाची गोष्ट तुले सांगून ठेवते. त्याइले पोरीले गावातच ठेवायची होती. तिवश्याचे सोयरे आहेत, त्यांचा पोरगा नागपुरात कंपनीत आहे, ते लोक आतापासूनच विचारून राहिले. मी भांडली. पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणते, तिले करू द्या म्हटलं. शेवटी कसेबसे तयार झाले. बारावीपर्यंत थांबतो म्हणाले, चांगली निघाली तर पुढे शिकवू, नाही निघाली तर तिवश्याले हो म्हणू. दोन वर्षं, दादा. माह्या हातात तेवढंच आहे, आणि ते मी तुह्या घरी ठेवलं.

पोरीले मी सगळं समजावून धाडली आहे. तिचा तुमाले काही तरास होणार नाही. झाला तर मले कळव, कान पिळायले येते.

थैलीत तुरीची दाळ आहे, घरच्या तुरीची. वहिनीले म्हणा आंबट वरण करा, कुलदीपले आवडते.

सीमा


अमरावती, ४ मे २०२४

सीमे,

दाळ उत्तम. पण ही चिठ्ठी तेवढी चविष्ट नाही.

पौर्णिमाचा अकरावीचा निकाल लागला. पास झाली, पण फिजिक्समध्ये काठावर, केमिस्ट्रीत त्याहून थोडी बरी. मी कार्ड दोनदा उलटंसुलटं पाहिलं, दुसऱ्याच कुणाचं तर दिलं नाही ना म्हणून. आमचा कुलदीप, ज्याला दहावीत गणितात मीच हात धरून बाहेर काढला, तो सगळ्या विषयांत तिच्या पुढे.

मी बसवून विचारलं, काय झालं? ती खाली पाहून म्हणाली, "पुढच्या वर्षी करीन मामा." वर्षभर दर रविवारी विचारत आलो, कॉलेज कसं सुरू आहे? दर वेळी उत्तर एकच, "चांगलं आहे मामा." रोज डबा घेऊन वेळेवर जाते, वेळेवर येते. कुठे फिरत नाही, मोबाईल हातात घेत नाही. सकाळी वहिनीच्या हाताशी पोळ्या लाटते, संध्याकाळी भाजी निवडते, कुणी सांगायची गरज पडत नाही. रात्री पुस्तक उघडलं की मात्र डोळा लागतो.

मला वाटतं मोठ्या शहरात तिचं मन बुजलं. तिकडे ती वर्गात पहिली होती, इथं सगळेच पहिले. काही पोरं तेवढ्या पाण्यात पोहतात आणि इथं आली की घाबरतात. तू वाईट वाटून घेऊ नको. कुलदीप जेवताना क्लासमधलं काही बोलला की ती मात्र घास हातात धरून ऐकत बसते, हे मी पाहिलं आहे. म्हणजे इच्छा आहे.

सुट्टीत येते आहे तुझ्याकडे. रागावू नको. थोडी समज दे.

दादा


बार्शीटाकळी, २२ मे २०२४

दादा,

तू रागावू नको म्हटलं, पण मी रागावली. लाज वाटली मले. तुह्या घरी राहून, तुह्या घरचं खाऊन पोरीनं असे मार्क आणले. वहिनी काय म्हणत असतीन.

मी तिले म्हटलं, मामा सगळं करून राहिले, आणखी काय पाहिजे तुले? ती चक्कीवर पीठ भरत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "काही नको." तिच्या बाबाने हे ऐकलं आणि लगेच म्हणाले, झालं तुझं डॉक्टर, आता आण तिले घरी. तिवश्याच्या लोकांचा फोन येऊन गेला होता. मी अर्धी रात्र भांडली. शेवटी म्हणाले, बारावीचा निकाल पाहू आणि मग एक शब्द बोलायचा नाही.

एक गोष्ट मले समजत नाही, दादा. सुट्टीत ती रोज दुपारी चक्कीच्या मागच्या भिंतीसमोर उभी राहून बोलते. मले ऐकू येत नाही, पण हात हालताना दिसतात, जसे मास्तर वर्गात हालवतात. मी म्हटलं, कोणाले शिकवून राहिली? हसली आणि बसून गेली.

तिले आणखी एक वर्ष तुह्या घरी राहू दे. मी तिले पुन्हा बजावलं आहे. चूक आमची आहे, तुमी वाईट मानू नका.

सीमा


अमरावती, ८ सप्टेंबर २०२४

सीमे,

या चिठ्ठीला बराच उशीर झाला. लिहायला बसलो आणि उठलो, असं बरेचदा झालं.

गेल्या महिन्यात पौर्णिमा डबा विसरून गेली. मी बँकेत निघालोच होतो, म्हटलं देऊन टाकू. आयुष्यात पहिल्यांदा त्या कॉलेजात खिडकीच्या पुढे गेलो. दुसऱ्या मजल्यावर बारावी सायन्सचे वर्ग. पहिला वर्ग रिकामा. दुसरा रिकामा, बाकांवर बोट फिरवलं तर रेघ उमटावी एवढी धूळ. मला वाटलं आज सुट्टी असावी. तेवढ्यात शेवटच्या वर्गातून आवाज आला. आपल्या पौर्णिमाचा आवाज.

मी दाराबाहेर थांबलो. दुकानातली सवय, आधी ऐकायचं. ती फळ्याजवळ खडू घेऊन उभी. समोर अख्ख्या वर्गात एकच पोरगी, चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं येणारी, आरजू तिचं नाव. पौर्णिमा तिला काहीतरी समजावत होती, अर्ध्यात थांबली, पुस्तकात पाहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आरजू, हे मलेही नाही समजलं. हे आपण सोडून देऊ."

सीमे, ती पुढे काय बोलली ते मी ऐकलं नाही. मला मागे जिना सापडेना.

जिन्यात केमिस्ट्रीच्या मॅडम भेटल्या. मी जरा आवाज चढवला, वर्ग का भरत नाही म्हणून. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "काका, हजेरीवर ऐंशी नावं आहेत. सगळी पोरं सकाळ-संध्याकाळ क्लासला असतात. इथं फक्त नाव असते, परीक्षेपुरतं. या दोघी येतात तेव्हा मी जमेल तेव्हा शिकवते, पण दुसऱ्या विषयांचे सर आता वरही चढत नाहीत. तुमचाही मुलगा माझ्याच हजेरीत आहे. मी त्याला अजून पाहिलेलं नाही."

म्हणजे मी पोरीला रोज रिकाम्या खोलीत पाठवत होतो आणि रविवारी विचारत होतो, कॉलेज कसं आहे. अकोल्याचे माझे सर अजून फळ्यासमोर उभे आहेत असं धरून मी चाललो होतो.

तिला गाडीत घेऊन घरी येताना विचारलं, तू मला सांगितलं का नाही? ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुमी म्हणत होते ना मामा, हुशार पोरीले शिकवणी लागत नाही. मी मागितली असती तर मी हुशार नाही असं झालं असतं."

लगेच क्लासमध्ये विचारलं. बॅच फुल झाली आहे. आता मधेच घेत नाहीत. कुलदीपला बजावलं, तुझे सगळे कागद तिला दाखवायचे. तिच्यासाठी टेबल आणलं, दिवा आणला. पोळ्यांना बाई लावली. जे करता येईल ते करतो आहे.

थैलीत थोडं सामान आहे. जवाईबुवांना स्वेटर, तुला दोन साड्या, सुका मेवा, एक मिक्सर. नत्थुजींना दोन्ही हातांनी उचलावी लागली.

दादा


बार्शीटाकळी, २६ सप्टेंबर २०२४

दादा,

थैली इतकी जड काहून? दिवाळी तर लांब आहे.

तुले आठवते, लहानपणी तू माह्या वाटणीचे बोरं खायचा आणि संध्याकाळी मले पेरू आणून द्यायचा. मी म्हणायची, हा पेरू कायचा? तू म्हणायचा, असाच. मिक्सर पाहून मले तो पेरू आठवला. उगाच आठवला असन.

आता माही ऐक. तू आपल्या अंगावर घेऊन राहिला, पण चूक माही आहे. पोरगी पाठवली तेव्हा मोटरस्टँडवर मी तिच्याकडून वचन घेतलं होतं. मामाच्या घरी काही मागायचं नाही. वही लागली तरी नाही, औषध लागलं तरी नाही. मागणाऱ्याची किंमत जाते म्हटलं. आपल्या आईनं मले सासरी पाठवताना जे सांगतलं तेच मी तिले सांगतलं. सुट्टीत पुन्हा बजावलं. आणि ती माही पोरगी आहे, एकदा धरलं की सोडत नाही. तुह्या टेबलापाशी जेवत होती, तुह्या पोराच्या शिकवणीच्या गोष्टी ऐकत होती, आणि मी घेतलेल्या वचनापायी तोंड बंद ठेवून होती.

त्या भिंतीसमोर ती कोणाले शिकवत होती ते आता समजलं. मी तिथंच उभी होती, दादा, आणि माह्या कानाले तर सोडच, मले डोळ्यानंही दिसलं नाही.

बॅच फुल झाली तर तू काय करशील. तुह्या हातात असतं तर तू केलं असतं. आता शेवटचे महिने आहेत, तिले होईन तेवढं करू दे.

मिक्सर परत नाही पाठवत. पण पुढच्या वेळी थैली हलकी पाठव.

सीमा


बार्शीटाकळी, ९ जून २०२५

दादा,

कुलदीपचे पेढे पोचले. गोड होते. त्याले माहा आशीर्वाद सांग. ऐंशीच्या वर मार्क म्हणजे गंमत नाही.

पौर्णिमाचे तुले माहीतच आहेत. पास आहे, अठ्ठावन्न टक्के. मेडिकलच्या परीक्षेचा निकाल यायचा आहे, पण त्यात आपलं नाव नसन असं तीच म्हणते. ती रडली नाही. आल्यापासून चक्कीवर बसते, दळणाच्या डब्यांवर नावं टाकते. तिचे बाबा काही बोलत नाहीत, आणि त्याइचं न बोलणं मले माहीत आहे. बावीस तारखेच्या रविवारी तिवश्याचे लोक येणार आहेत.

मी तिले घ्यायले आली होती ना, त्या दिवशी बस सुटायले वेळ होता. मी तिले सामानापाशी बसवलं आणि एकटीच कॅम्पातल्या त्या क्लासले जाऊन आली. तुले सांगतलं नाही. मले फक्त पाहायचं होतं, पोरगी जिथं गेली नाही ते कसं दिसते. थंड होतं आत. काचेचे दारं. काउंटरवर एक बाई होती, चांगली होती. मले ऐकू येत नाही म्हटल्यावर तिनं कागदावर लिहून देलं. मी विचारलं, मागच्या वर्षी बॅच कधी भरली होती? तिनं लिहिलं, मागच्या वर्षी भरलीच नाही, दिवाळीपर्यंत जागा होत्या, गावाकडून येणाऱ्या पोरांसाठी दुसरी बॅच मुद्दाम सुरू ठेवली होती.

मी ते दोनदा वाचलं. मग तो कागद तिथंच ठेवून आली.

तुले तिथं कोणीतरी चुकीचं सांगतलं असन. एवढ्या गर्दीच्या जागी होते अशी गडबड. तू मनाले लावून घेऊ नको.

सीमा


अमरावती, १४ जून २०२५

सीमे,

मले कोणी चुकीचं सांगतलं नाही. मी विचारलंच नाही.

तू माह्यासाठी दार उघडं ठेवलं, मी पाहिलं. त्यातून निघून गेलो असतो तर तूही काही बोलली नसती. आयुष्यभर. पण तुह्या चिठ्ठीनंतर मले जेवण जात नाही.

कॉलेजातून आलो त्याच संध्याकाळी गाडी त्या क्लाससमोर उभी केली होती. गाडीतच बसलो. दारावर पोरांच्या परीक्षेचे मार्क लावले होते, मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून दिसतीन असे. कुलदीपचं नाव यादीच्या मधात होतं. वर्षभरात पहिल्यांदा मधात आलं होतं, घरी त्यानं ते तीनदा सांगतलं होतं. आणि मले फळ्याजवळची पौर्णिमा दिसून राहिली होती. न शिकवता एवढी, तर शिकवल्यावर केवढी. मले वाटलं, ही आत गेली की दोन महिन्यात माह्या पोराच्या वर जाईन. मग घरात, एकाच टेबलावर, तो तिच्याकडे पाहीन आणि मी त्याच्याकडे.

तुह्या वहिनीले हे सुचलं नाही. मले सुचलं. मी गाडी वळवली आणि घरी येऊन सांगतलं, बॅच फुल आहे. दुकानात रोज काही ना काही खोटं बोलतो, ते गिऱ्हाईकालेही माहीत असते आणि मलेही. हे खोटं कोणालेच माहीत नव्हतं. तू तर त्याच्यावर मले दिलासा देला.

आणि मी सगळ्यांले सांगत फिरत होतो, मी गरिबीतून वर आलो. वर आल्यावर मी काय केलं, ते तुले आता माहीत आहे.

मी रविवारी येतो. तिवश्याचे लोक यायच्या आधी जवाईबुवांशी बोलतो. तू मधे पडू नको, मले बोलू दे.

श्रावण


बार्शीटाकळी, २३ जून २०२५

मामा,

आईच्या थैलीत माझी ही चिठ्ठी आहे. आईला माहीत आहे, पण तिने वाचली नाही.

रविवारी तुम्ही बाबांशी बोललात ते मी आतून ऐकलं. बाबांनी चक्की बंद केली तेव्हाच मला कळलं की काहीतरी मोठं आहे, कारण बाबा कोणासाठी चक्की बंद करत नाहीत, कलेक्टर आला तरी. तुम्ही म्हणालात, "हे मार्क पोरीचे नाहीत, माझे आहेत. मले एक वर्ष द्या." बाबा म्हणाले, "तुमी आमच्या घरचे मोठे, तुमी असं बोलले तर मी काय बोलू." तिवश्याच्या लोकांना चहा पाजून परत पाठवलं. त्यांच्या आईने जाताना मला न्याहाळून पाहिलं, जसं कमी मोजलेलं दळण पाहतात.

तुम्ही आईला लिहिलेली चिठ्ठीही मी वाचली. त्याबद्दल मला आत्ता काही लिहायचं नाही. कधी लिहीन तेही माहीत नाही.

पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांची बॅच जुलैत सुरू होते. तुम्ही त्यात नाव घालतो म्हणालात. आईने मला वचनातून मोकळं केलं आहे. म्हणून मामा, आज पहिल्यांदा तुम्हाला काही मागते.

आरजूलाही घ्या.

हे मी तिच्यासाठी मागत नाही. तिला विचारलंही नाही. मी माझ्यासाठी मागते. दोन वर्षं आम्ही त्या खोलीत एकमेकींच्या मॅडम झालो. ज्या दिवशी तिची गाडी चुकायची त्या दिवशी मी एकटीच बाकावर बसायचे आणि डबा खाऊन परत यायचे. काचेच्या दाराच्या आत सगळे कुलदीपदादासारखे असणार, ते वाईट नाहीत, पण त्यांना सगळं आधीपासून येत असतं. तिथे मला काही नाही समजलं तर मी कोणाला म्हणू, हे मलेही नाही समजलं? एकटीनं वर्गात बसणं आता माझ्याने होत नाही.

तिचे अब्बा हुसेनचाचा चांदूर रेल्वेला कपडे शिवतात. ते म्हणतात, बारावी झाली, आता बस. ते सहजी हो म्हणणार नाहीत. पण तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला बोलता येतं.

आणखी एक. मी तुमच्याच घरी राहीन, पण सकाळच्या पोळ्या मी करणार नाही. ती बाई राहू द्या. रविवारी मी करीन, मामींना आवडतात म्हणून.

पौर्णिमा


अमरावती, २ जुलै २०२५

पौर्णिमे,

चांदूर रेल्वेले जाऊन आलो. हुसेनभाईंनी मशीनवरून मानही वर केली नाही. म्हणाले, "शेठ, आमच्या पोरीवर हे उपकार कायले?" मी दुकानदार म्हणून जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते गाडीतच विसरलो. म्हटलं, उपकार नाही, भाईजान. माही भाची एकटी बसायले तयार नाही, आणि तिले एकटं मीच बसवलं होतं. त्यांनी मशीन थांबवली. मग त्याइले सगळं सांगावं लागलं. रिकाम्या वर्गाचं, काचेच्या दाराचं, गाडीत बसून राहण्याचंही. ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आरजू घरी भिंतीले शिकवते. मले वाटे पोट्टी बिघडली." आणि आतून आरजूले हाक मारली.

तिथून सरळ क्लासले गेलो. या वेळी गाडीतून उतरलो. काउंटरवरच्या बाईले विचारलं, "जागा आहे का?"

ती म्हणाली, "आहे ना."

बस, एवढंच होतं. दोघींची नावं लागोपाठ लिहिली आहेत. बाकही एकच मागितला.

कुलदीपले मी सगळं सांगतलं. दोन दिवस झाले, तो अजून माह्याशी बोलत नाही. बोलीन तेव्हा बोलीन. पोळ्यांची बाई कायम आहे.

या चिठ्ठीशिवाय थैलीत या वेळी मी काहीच टाकलं नाही. तुह्या आजीचा नियम पहिल्यांदा मोडून राहिलो. आईच्या हातात दे, आणि तिले उचलून पाहू दे.

मामा